सोन्याचा साप आणि लाकडाच्या तोफा

रामशेज पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. नाशिक जिल्ह्यात साठाहून अधिक किल्ले आहेत आणि त्यांतले बरेचसे लांबूनच धडकी भरवतात. हरिहरच्या उभ्या कातळातल्या पायऱ्या, धोडपच्या माथ्यावरची खाच पडलेली दगडी भिंत, समुद्रसपाटीपासून १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर. या मंडळीत रामशेज म्हणजे पेठ रस्त्याच्या बाजूला पसरलेला एक साधा, सपाट माथ्याचा डोंगर. शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. पायथ्याच्या आशेवाडीतून निघालेली शाळकरी मुलं तासाभरात वर पोचतात आणि डबे उघडतात. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं किल्ला पाहिला, तेव्हा त्याचंही मत काही वेगळं झालं नाही. हा डोंगर आसपासच्या इतर डोंगरांइतका उंच नाही आणि तितका तुटलेलाही नाही, अशीच त्याची नोंद आहे.

आणि तरीही औरंगजेब दख्खनेत उतरल्यावर मोगल फौजांनी सुरुवातीलाच ज्या किल्ल्यांवर दात धरला, त्यांत हा होता. एकामागून एक तीन नामवंत सरदार आले आणि हात हलवत परत गेले. या गोष्टी नाशिककर लहानपणापासून ऐकतात. लाकडाच्या तोफा, मांत्रिक, सोन्याचा साप, सहा वर्षांचा वेढा. ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं निम्मंअधिक पोवाड्यांनी रचलेलं असणार. गंमत अशी की तोफा आणि साप दोन्ही मोगलांच्याच लेखकानं लिहून ठेवले आहेत. त्यांत भर पडली आहे ती आपल्या बाजूनं, आणि तीही सापाच्या बाबतीत नाही, वर्षांच्या बाबतीत.

आधी औरंगजेब इथे का आला ते पाहू. एप्रिल १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले. पुढच्याच वर्षी औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून राजस्थानातून पळाला आणि थेट संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. बादशहाच्या दृष्टीनं हे दुहेरी संकट होतं. घरातला बंडखोर आणि बाहेरचा शत्रू एकाच छपराखाली. नोव्हेंबर १६८१ मध्ये तो बुऱ्हाणपुरात पोचला, मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत. तिथून पश्चिमेला नजर टाकली की पहिला येतो तो नाशिकचा मुलूख, मोगलांच्या दप्तरातलं गुलशनाबाद. शहर मोगलांकडे, पण त्र्यंबक, रामशेज, साल्हेर हे भोवतालचे डोंगर मराठ्यांकडे, असा तिथला नकाशा होता. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा याच डोंगरांतून जातात. अकबर कोकणात होता. म्हणजे वाट मोकळी करायची तर किल्ले घ्यायला हवेत, आणि किल्ले घ्यायचे तर सोप्यापासून सुरुवात करावी. रामशेज शहराच्या सर्वांत जवळ, सर्वांत बुटका, शिबंदी थोडी. कागदावर हिशेब बरोबर होता.

या वेढ्याची जी रसाळ हकिगत आपल्यापर्यंत आली आहे ती खाफीखानाची. हा मोगल अमलातला माणूस. त्याचा ‘मुन्तखब-उल-लुबाब’ हा मोठा इतिहासग्रंथ घटनेनंतर काही दशकांनी पुरा झाला. शिवाजी महाराजांविषयी लिहिताना तो शिव्या देतो आणि त्याच दमात सांगतो की लुटीत सापडलेलं कुराण ते आदरानं आपल्या मुसलमान अनुयायांच्या हाती देत आणि बायकांच्या अब्रूला हात लावू देत नसत. असा माणूस रामशेजच्या किल्लेदाराचं कौतुक करतो तेव्हा ते दखल घेण्याजोगं असतं. किल्लेदार अनुभवी आणि सावध होता, असं तो लिहितो. नाव मात्र देत नाही. आज कादंबऱ्यांत आणि गडावरच्या फलकांवर नावं वाचायला मिळतात. ती मागाहूनची आहेत.

पहिला आला शहाबुद्दीनखान. हा तरुण तुराणी सरदार पुढे गाजिउद्दीन फिरोजजंग या किताबानं गाजला. त्याचाच मुलगा कमरुद्दीन म्हणजे हैदराबादच्या गादीचा संस्थापक, पहिला निजाम. शहाबुद्दीननं रीतसर काम केलं. मोर्चे बांधले, सुरुंग खणायला घेतले, तोफा लावल्या. तोफांचा मारा खालून वर जात नव्हता, म्हणून त्यानं लाकडाचा दमदमा उभारला. दमदमा म्हणजे तटाच्या उंचीशी बरोबरी करणारा चौथरा किंवा बुरूज, ज्यावरून आतल्या माणसांवर सरळ नेम धरता येतो. यासाठी परिसरातलं जंगल तोडून शेकडो माणसं मावतील एवढा लाकडी मनोरा उभा केला गेला. सपाट प्रदेशातल्या कोटासमोर हा उपाय उत्तम. डोंगरी किल्ल्यापुढे तो उभा करायचा म्हणजे आधी डोंगराची उंची भरून काढायची, मग तटाची.

वरून उत्तर आलं ते लाकडाचंच. खाफीखान सांगतो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकूड मात्र भरपूर होतं. किल्लेदारानं झाडांचे बुंधे पोखरून तोफा केल्या, त्यांना चामडं वापरलं आणि या तोफांनी दहा तोफांचं काम केलं. हे शक्य आहे का, असं विचारणारे भेटतात. शक्य आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या सैन्यानं तांब्याच्या पातळ नळीवर दोर आणि चामडं गुंडाळून हलक्या तोफा केल्या होत्या. १८७६ च्या उठावात बल्गेरियातल्या बंडखोरांनी चेरीच्या लाकडाच्या तोफा ओतल्या नाहीत, कोरल्या. तोफेचं काम काय, तर दारूचा स्फोट क्षणभर कोंडून धरायचा आणि एकाच तोंडानं बाहेर काढायचा. लाकूड हे काही वेळा करतं, मग फुटतं. चामड्याचा घट्ट विळखा ते फुटणं लांबवतो. पल्ला कमी, गोळा लोखंडाचा नसून दगडाचा, आणि तोफेजवळ उभं राहणाऱ्याच्या जिवाला घोर. पण वरून खाली मारायचं असेल तेव्हा पल्ल्याची चिंता उतार मिटवतो, आणि नेम धरायला समोर शेकडो माणसांनी भरलेला मनोरा असेल तर अचूकपणाचीही फार गरज उरत नाही. दहा तोफांचं काम ही खाफीखानाची अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली, तरी बाकीचं खरं मानायला अडचण नाही.

लाकडी मनोऱ्यांची फजिती ही जगभरच्या वेढ्यांतली जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये १२६६ साली राजा तिसऱ्या हेन्रीनं केनिलवर्थच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा दोनशे तिरंदाज मावतील असा मनोरा उभा केला होता आणि आतल्यांनी तो दगडफेकी यंत्रांनी झोडपून काढला. तो किल्ला सपाटीवरचा. त्याचं रक्षण करत होतं ते ओढे अडवून केलेलं विस्तीर्ण तळं. राजानं तळ्यातून हल्ला करायला नावाही आणवल्या होत्या. शेवटी सुमारे सहा महिन्यांनी उपासमार आणि रोगराईनं आतल्यांना बाहेर काढलं. त्याआधी १२१५ मध्ये जॉन राजानं रॉचेस्टरच्या किल्ल्याचा बुरूज पाडताना खालच्या सुरुंगातले लाकडी टेकू पेटवायला चाळीस लठ्ठ डुकरांची चरबी मागवली होती. त्याचा हुकूम अजून कागदावर आहे. इंग्लंडची भुई खणता येते म्हणून ते जमलं. सह्याद्रीत खाली बसाल्ट. सुरुंगवाल्यानं आठवडाभर छिन्नी चालवली तरी हातभर पुढे सरकायचं.

केनिलवर्थच्या वेढ्यात एक गोष्ट होती जी रामशेजला मोगलांना कधीच साधली नाही. तिथे किल्ला खरोखरच जगापासून तोडला गेला होता. वेढा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगराभोवती आवळलेला फास येतो. पण रामशेजसारख्या पसरट डोंगराचा परीघ, त्याभोवतीचे ओढे, झाडी, रात्रीचा अंधार आणि प्रत्येक पायवाट ओळखणारी माणसं हे सगळं धरलं, तर फास आवळायला किती फौज लागेल याचा विचार करावा. शिवाय बाहेर मराठ्यांची घोडदळं फिरत होती. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना काही हजार स्वारांसह या भागात पाठवलं. त्यांनी मोगलांशी लढाया दिल्या, रसद मारली, तळ हैराण केला. वेढा घालणारे आपणच वेढले गेले आहेत अशी अवस्था पुन्हा पुन्हा आली. त्यात नाशिकच्या पश्चिमेचा पावसाळा. पेठच्या बाजूला सरकावं तसा पाऊस वाढत जातो. मोगली फौजेचं बळ घोड्यांत, मोठ्या तोफांत आणि भल्यामोठ्या बाजारबुणग्यांसह चालणाऱ्या छावणीत होतं. जून ते सप्टेंबर या तिन्ही गोष्टी चिखलात रुततात.

शहाबुद्दीनला बादशहानं मागे बोलावून जुन्नरकडे धाडलं आणि त्याच्या जागी बहादुरखान कोकलताश आला. कोकलताश म्हणजे दूधभाऊ. हा औरंगजेबाच्या दाईचा मुलगा, दख्खनचा माजी सुभेदार, खानजहान बहादुर असा भारदस्त किताब मिळवलेला. मराठी वाचकाला तो आठवतो तो पेडगावमुळे. १६७४ च्या पावसाळ्यात, राज्याभिषेकानंतर लगेचच, मराठ्यांच्या दोन हजार स्वारांनी पेडगावच्या त्याच्या छावणीला हूल दिली. खान फौज घेऊन त्यांच्यामागे लांब धावत गेला आणि मराठ्यांच्या दुसऱ्या मोठ्या तुकडीनं रिकामी छावणी लुटली. कोटभराचा खजिना आणि दोनशे उंची घोडे गेले, असं सांगतात.

आता हाच खान रामशेजसमोर हूल द्यायला निघाला. खाफीखानाच्या हकिगतीनुसार त्यानं एका बाजूला तोफखाना, सामानसुमान आणि बाजारबुणग्यांचा गोंगाट लावून दिला, म्हणजे हल्ला इथूनच होणार असं आतल्यांना वाटावं. दुसऱ्या बाजूनं दोनशे निवडक माणसं अंधारात दोरांनी कडा चढणार होती. किल्लेदारानं गोंगाटाच्या बाजूला नगारे, शिंगं, आरडाओरडा करून उत्तर दिलं, जणू सगळी शिबंदी तिकडेच धावली आहे. मुकाट बाजूला मात्र हत्यारबंद माणसं श्वास रोखून बसवली. वर पहिली डोकी दिसली आणि तिथेच छाटली गेली. मागचे दोर तुटून खाली गेले. पेडगावात ज्यानं हूल खाल्ली त्याची हूल रामशेजला ओळखली गेली. हा योगायोग खाफीखानाच्या ध्यानात होता की नाही, सांगता येत नाही, पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत बोलका प्रसंग आहे. मांत्रिकाच्या गोष्टीपेक्षाही.

तरी मांत्रिकाची गोष्ट सांगायलाच हवी. हूल फसल्यावर खानाच्या तळावर एकजण पुढे आला. आपल्याला भुतंखेतं वश आहेत, असं त्याचं म्हणणं. शंभर तोळे सोन्याचा नाग करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, फौज माझ्यामागे बिनधोक दरवाजापर्यंत पोचेल. खानानं नाग करवून दिला. शंभर तोळे म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास सोनं. मुहूर्त पाहून मांत्रिक निघाला, फौज मागोमाग. निम्मी वाट झाली नाही तोच गडावरच्या गोफणीतून सुटलेला धोंडा त्याच्या छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे, आणि फौज आल्या वाटेनं मागे. गोफण हे शेतावरची पाखरं हाकायचं हत्यार, त्यामुळे नाशिकच्या बाजरीच्या शेतकऱ्याला ही गोष्ट ऐकताना जरा जास्तच हसू येतं.

हे खरंच घडलं का? खाफीखान दरबारी गप्पांचा भोक्ता होता आणि बहादुरखान हा दरबारात फारसा आवडता नव्हता. दख्खनच्या सुभेदारीत त्यानं शत्रूकडून पैसे खाल्ले असा संशय त्याच्यावर उघडपणे घेतला जाई. अशा सरदाराची टर उडवायला सोन्याचा नाग ही नामी कल्पना. पण गोष्ट रचलेली असली तरी ती कुणी आणि कशाला रचली याला महत्त्व आहे. किल्ल्यातल्या माणसांना जादू येते ही समजूत मोगल छावणीत पसरलेली असल्याशिवाय उलट्या जादूचा उपाय कुणाला सुचणार नाही. त्या फौजेला हा बुटका डोंगर का पडत नाही याचं साधं कारण सापडत नव्हतं. तेव्हा ही कहाणी गडावरच्या लोकांपेक्षा खालच्या तळाची मनःस्थिती जास्त सांगते.

बहादुरखानानंतर कासिमखान किरमाणीला पाठवलं गेलं. तोही यश न मिळवता परतला. इथे त्या सहा वर्षांचा हिशेब करून टाकू. पहिला हल्ला १६८२ च्या उन्हाळ्यात, किल्ला गेला तो १६८७ च्या सुमारास. दोन टोकं धरून मधलं सगळं वेढा मानलं की पाच-सहा वर्षं होतात आणि फलकावर तो आकडा छान दिसतो. प्रत्यक्षात वेढा अखंड नव्हता. सरदार बदलले, फौज उठली, पुन्हा आली, मग बादशहाचं लक्ष विजापूर आणि गोवळकोंड्याकडे गेलं आणि रामशेजवर फक्त पाळत राहिली. ज्यांना सलग वेढ्याचा विक्रम हवा आहे त्यांना हे रुचणार नाही. पण तीन नामवंत सरदारांना परत पाठवणं ही गोष्ट सहा वर्षं दरवाजा लावून बसण्यापेक्षा थोर आहे, असं मला वाटतं. उपासमारीला तोंड देण्यापेक्षा शत्रूला दरवेळी कंटाळवून घालवणं अवघड असतं.

आता आत काय होतं ते पाहू. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर वाहत आले आणि थिजले. कठीण थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून आपल्या डोंगरांचे माथे सपाट आणि बाजू पायऱ्यांसारख्या. माथ्याच्या कठीण कातळात खोल चौकोनी टाकं खोदलं की पावसाचं पाणी वर्षभर टिकतं, आणि खोदताना निघालेला दगड तटाला वापरता येतो. रामशेजवर अशी टाकी मोठ्या संख्येनं आहेत. आज माथ्यावर फिरताना वाड्यांचे अवशेष फारसे सापडत नाहीत, जी दिसतात ती टाकीच. किल्ला किती लढणार हे तिथे ठरत असे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यांविषयी जे लिहिलं त्यात पाण्याचा विचार सर्वांत आधी येतो. झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात, म्हणून साठ्याची टाकी जादा असावीत, असा त्यांचा सल्ला. एकच दरवाजा ही किल्ल्याची मोठी उणीव, म्हणून चोरवाटा ठेवाव्यात, हाही. ज्या माणसानं हे लिहिलं त्यानं औरंगजेबाची पंचवीस वर्षं जवळून पाहिली होती.

रामशेजलाही चोरदरवाजा आहे. ब्रिग्जनं त्याची नोंद केली आहे. जमिनीतली एकावेळी एकच माणूस उतरेल अशी वाट, एरवी मातीनं झाकून ठेवलेली. अशी वाट असली की वेढ्यातही निरोप्या बाहेर पडतो, बाहेरच्या घोडदळाला खबर पोचते, आणि पीठमीठ, दारूगोळा थोडा थोडा आत येत राहतो.

मराठी किल्ला आणि युरोपातला किल्ला यांच्यात एक मुळातला फरक आहे तो इथे समजून घ्यायला हवा. इंग्लंडातला मध्ययुगीन किल्ला बहुधा एखाद्या सरदार घराण्याचं घर असे. आत दिवाणखाना, देवघर, बायकामुलं. तो लढे तो घर वाचवायला. शिवाजी महाराजांनी किल्ला कुणाच्या घरचा ठेवला नाही. प्रत्येक गडावर हवालदार, सरनौबत, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी. किल्ल्या एकाकडे, हजेरी आणि हिशेब दुसऱ्याकडे, धान्य-दारूचे कोठार तिसऱ्याकडे. सभासदाच्या बखरीनुसार हे अधिकारी निरनिराळ्या जातींचे असत, एकानं फितूर व्हायचं ठरवलं तर बाकीचे आड यावेत म्हणून. ‘आज्ञापत्रा’त तर काही वर्षांनी या अधिकाऱ्यांच्या बदल्या करण्याचाही नियम आहे. फितुरीचा धोका बाहेरच्या तोफेइतकाच खरा मानून ही व्यवस्था आखलेली होती.

आणि तरीही रामशेज गेला तो फितुरीनंच. शर्थीनं लढलेल्या किल्लेदाराचा संभाजी महाराजांनी वस्त्रं, दागिने देऊन गौरव केला आणि त्याला दुसऱ्या गडावर बढती दिली, आणि त्याच्या जागी आलेला माणूस मोगलांच्या पैशाला वश झाला, अशी परंपरेनं चालत आलेली हकिगत आहे. बदलीचा नियम फितुरी टाळायला केला होता, त्याच नियमानं इथे दार उघडलं, असं म्हणावं लागेल. पण दोष एकट्या किल्लेदारावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. १६८७ चं वर्ष पाहा. आदल्या वर्षी विजापूर पडलं होतं. त्याच वर्षी साल्हेर हा किल्ला मुल्हेरच्या मोगल किल्लेदारानं, नेकनामखानानं, वाटाघाटी करून मिळवला. ज्या साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इखलासखान आणि बहलोलखानाची फौज उघड्या मैदानात मोडली होती, तो साल्हेर एक गोळी न सुटता गेला. सप्टेंबरात आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गोवळकोंडा पडला, तोही अब्दुल्ला पानी या अधिकाऱ्यानं रात्री दरवाजा उघडल्यामुळे. शहाबुद्दीनखानाचा बाप कुलीजखान त्याच वेढ्यात गोळा लागून मेला.

औरंगजेबाला तोफेपेक्षा थैली स्वस्त पडते हे रामशेजनं शिकवलं, असं म्हटलं तर ते अगदीच चूक ठरणार नाही. पुढे १७०० नंतर ऐंशी ओलांडलेला बादशहा स्वतः सह्याद्रीत किल्ले घेत हिंडला, तेव्हा विशाळगड, सिंहगड असे एकेक गड त्यानं महिनोन्महिने वेढा घालून शेवटी पैसे मोजून घेतले. पैसे न देता हल्ला करून घेतलेला गड म्हणून तोरण्याचंच नाव इतिहासकार घेतात. मराठ्यांनीही हे गणित ओळखलं होतं. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लढायचं, बादशहाची फौज थकवायची, मग चांगली रक्कम घेऊन किल्ला द्यायचा आणि पुढच्या वर्षी तोच परत घ्यायचा. याला फितुरी म्हणावं की राजकारण, हे त्या त्या वेळी बघावं लागतं. रामशेजच्या वेळी मात्र असा काही डाव नव्हता. सगळ्या बाजूंनी मोगलांचं पारडं जड दिसत होतं आणि बाहेर मदतीला येणारी फौज विरळ झाली होती. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच, फेब्रुवारी १६८९ मध्ये, संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि त्यांना बहादुरगडावर नेण्यात आलं. पेडगावच्या त्या लुटल्या गेलेल्या छावणीच्या जागी बहादुरखानानं बांधलेला कोट तो हाच.

आता थोडं नावाविषयी. रामानं वनवासात या डोंगरावर शेज केली म्हणून रामशेज, ही आख्यायिका पंचवटी-तपोवनाच्या परिसरात कुणालाही नैसर्गिक वाटावी अशी आहे. चढताना कड्यालगत रामाचं देऊळ लागतं आणि आजही किल्ल्यावर येणाऱ्यांत गिर्यारोहकांइतकेच भाविक असतात. इतिहासप्रेमींना कधीकधी याची अढी असते. ती नसावी. देवाला जाणाऱ्या माणसांमुळे वाट वाहती राहिली, पायऱ्या दुरुस्त झाल्या, टाकी उपसली गेली. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी गडांना असं देवस्थान लाभलं नाही आणि त्यांच्या वाटा झाडीनं गिळल्या.

पुढच्या शतकात नाशिक परिसर पेशव्यांच्या ताब्यात आला आणि रामशेजला लढायचं कारण उरलं नाही. मग १८१८ उजाडलं. दुसरा बाजीराव इंग्रजांपुढे पळत होता. एप्रिलमध्ये कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेनं त्र्यंबकचा किल्ला घेतला आणि ती बातमी पसरताच आसपासच्या सतरा किल्ल्यांनी एकापाठोपाठ एक दरवाजे उघडले. त्यांत रामशेज होता. मोगलांच्या तीन सरदारांना धूप न घालणाऱ्या या गडावर इंग्रजांविरुद्ध एक बार निघाला नाही. कारण तेच, उलट्या बाजूनं. आत मूठभर शिपाई, बाहेर कुणीच नाही. रूपाजी भोसल्यासारखा कुणी रानात घोडी फिरवत नव्हता आणि पेशव्याचा पगार येण्याची आशा नव्हती.

त्याच उन्हाळ्यात मालेगावात वेगळंच घडलं. नारो शंकर राजेबहादरांनी मोसम नदीकाठी १७४० च्या सुमारास बांधलेला तो भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला, डोंगराचा कसलाही आधार नसताना, साडेतीनशेच्या आसपास अरब शिपायांनी मे-जूनमध्ये जवळपास महिनाभर लढवला. मॅक्डॉवेलची दोनशेहून अधिक माणसं तिथे पडली किंवा जखमी झाली. दारूकोठाराचा स्फोट झाल्यावर अरबांनी बोलणी लावली. या अनुभवानंतर इंग्रजांनी डोंगरी किल्ल्यांच्या बाबतीत धोका पत्करला नाही. ब्रिग्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले. चांदवडजवळच्या राजधेर आणि इंद्राईवर उद्ध्वस्त केलेल्या त्या वाटा आजही चढणाऱ्याची परीक्षा पाहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातला साल्हेर त्यात आला. रामशेज त्या बारांत नाही.